डाग दाबून बघायचा

त्या रविवारी अम्मी गच्चीवर निवडुंगापाशी उकिडवी बसली होती. मी शहाद्याहून सकाळच्या बसने आले होते.

"ये, बघ याला काय झालंय," ती म्हणाली.

निवडुंगाच्या पश्चिमेकडच्या अंगावर काळपट डाग पडले होते. मी म्हटलं, "किडलाय. काढून टाक."

"एवढी पुस्तकं वाचतेस आणि नुसतं लांबून बघून सांगतेस?" तिने काट्यांमधून अंगठा घालून डाग दाबला, मग माझा अंगठा धरून तिथेच टेकवला. डाग लाकडासारखा कडक होता. "हा उन्हाने भाजलाय. राहू दे. नरम लागला असता तर सड. मग थांबायचं नाही, त्याच दिवशी कापायचं."

तो निवडुंग तिने सारंगखेड्याच्या यात्रेतून आणला होता. सगळे घोडे बघत फिरत होते आणि ती ही कुंडी घेऊन आली. अब्बा पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत, "घोडा बघायला गेली आणि काटे घेऊन आली." तिचं उत्तरही ठरलेलं असे. "घोड्याला खाल्लंस का म्हणून कुणीतरी विचारावं लागतं. तुमच्या घरात हाच टिकेल."

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अम्मी गेली.

फोन जाकीरचा होता, माझ्या धाकट्या भावाचा. "सकाळपासून छातीत जळजळत होतं, आपा. गॅस होता. सोडा दिला. मग अचानकच..."

भेटायला येणारी माणसं अजून येत होती तेव्हा शेजारच्या जसोदाबाईंनी मला मोरीपाशी गाठलं. घरात ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी नळ सोडला. "तुन्ही माय दोनदा बोलनी, रिक्षा बलाव. मन्हा कानघाई आयकं मी. जाकीर बोलना, गॅस शे, पडी ऱ्हाय."

मी नळ बंद केला आणि कप विसळायला घेतले. बाहेरच्या खोलीत लोक जाकीरची पाठ थोपटत होते. वेळ आली होती, कुणाच्या हातात काय असतं, असं सांगत होते. मी चहा नेऊन दिला. मीही मान हलवली.

चाळीसव्याच्या आधी अब्बांनी ठरवलं की निवडुंग अम्मीच्या कबरीवर लावायचा. हिरवं झाड अल्लाहचं नाव घेत असतं, कबरीतल्या माणसाला त्याने आराम पडतो. तो निवडुंग मला हवा होता. मला कुणी विचारलं नाही. आमच्या घरच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून झाड मला मोबाइलवरच दिसे. जाकीर दर शुक्रवारी फोटो पाठवी. काळी माती, नेहमी ओली. फातिहा पढायला येणारा प्रत्येक जण तांब्याभर पाणी ओतून जाई आणि जाकीर रोज सकाळी बादलीभर.

मी लिहिलं, पाणी घालू नका. त्याने लिहिलं, कबरीवर पाणी घालतात, आपा. सवाब मिळतो.

मग एका फोटोत बुंध्याजवळ काळा डाग दिसला. मी लगेच फोन केला.

"डाग नरम आहे की कडक?"

"कडक आहे. उन्हाने भाजलाय. अम्मी नाही का म्हणायची?"

"दाबून बघितलंस?"

"हो, हो. तू पण ना, आपा. एका झाडासाठी."

पुढच्या शुक्रवारी डाग तळहाताएवढा झाला होता आणि झाड एका बाजूला कललं होतं.

मी बस पकडली आणि घरी न जाता कब्रस्तानाच्या फाटकाशी उभी राहिले. जाकीर मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवतो. दुकानातून रेक्झिन कापायची सुरी घेऊन ये, असं मी त्याला फोनवर सांगितलं होतं. तो सुरी माझ्या हातात देऊन आत गेला. झाड उपटावंही लागलं नाही, धरल्याबरोबर हातात आलं, असं म्हणत तो ते घेऊन बाहेर आला. बुंध्याला नासक्या काकडीसारखा वास येत होता.

फाटकाजवळच्या ओट्यावर मी ते आडवं ठेवलं. जाकीरचा अंगठा धरून डागावर दाबला. तो नखापर्यंत आत गेला. त्याने हात झटकन मागे घेतला.

"काटा लागला?"

"नाही."

सोबत आणलेल्या स्पिरिटने सुरी पुसून मी पहिला काप घेतला. आत तपकिरी कडं. सुरी पुन्हा पुसली, आणखी वर कापलं. तिथेही कडं. चकत्या ओट्यावरून खाली पडत होत्या.

"बस कर, आपा. काहीच उरणार नाही."

मी कापत राहिले. शेवटी वीतभर शेंडा उरला. त्याचा गर पांढरट हिरवा होता, डाग नव्हता. कापलेल्या जागेवर गंधकाची भुकटी चोळली.

"दे, परत लावून येतो," तो म्हणाला.

"आत्ता लावला तर पुन्हा सडेल. जखम सुकेपर्यंत सावलीत राहील, कोरडा. मग वाळूत लावीन. शहाद्याला."

"अब्बांना काय सांगू?"

"अब्बांना मी सांगते."

तो खाली पडलेल्या चकत्यांकडे बघत होता. "मी रोज पाणी घातलं, आपा. एक दिवस चुकवला नाही." त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. तेच सगळ्यांनी त्याला इतके दिवस ऐकवलं होतं.

मी शेंडा वर्तमानपत्रात गुंडाळला.

"फोनवर विचारलं तेव्हा दाबून बघितलं होतंस?"

"वरून बघितलं होतं. कडकच वाटला."

"तिच्याकडेही तू वरूनच बघितलंस, जाकीर," मी म्हणाले. फाटकातून दोन माणसं बाहेर येत होती, तरी मी आवाज खाली आणला नाही. "अम्मीने दोनदा रिक्षा मागितली होती. तू सोडा दिलास."