हमीदाबीची शेवटची आंघोळ

“तोंडातला गुटखा आधी थुंकून ये, मग बोल,” साबेरा म्हणाली.

इरफानने गटारात पिंक टाकली आणि मनगटाने तोंड पुसलं. “खाला, अम्मा गेली. तिला आंघोळ घालायला तुमीच पायजे. दुसरं कोण न्हाई जुन्नरमंदी.”

त्याच्याकडे पाहूनच साबेराला किळस आली. दहा-बारा वर्षांपूर्वी याच माणसाने दारू ढोसून वऱ्हाडाचा टेम्पो शिनोलीच्या वळणावर उलटवला होता. तिची महेक त्यात गेली. साबेरा स्वतः पुण्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होती. घरी आली तेव्हा लेकीची माती होऊन महिना उलटला होता. नवऱ्याला, इब्राहिमला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, “बायकांनी केलं सगळं.” बाजारात मात्र निराळंच कानावर आलं. पाणी घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणे, पोर तशीच गुंडाळून पुरली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! चवीचवीने सांगायचं आणि वर ‘बिच्चारी’ म्हणायचं. साबेराला त्या लोकांचीही किळस यायची.

पण तो काटा मनात रुतला तो रुतलाच. आंघोळीविना गेलेली लेक कयामतीच्या दिवशी आपल्याला भेटेल का? कुणाची दुसरी पोर तशी जाऊ नये म्हणून तिने मय्यतीला आंघोळ घालायचं काम अंगावर घेतलं. नमाजाला बसली की अल्लाहकडे एकच मागायची, माझी महेक पाक करून घे. त्या मागण्यावरच ती तगली होती.

आता ‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. पण मय्यतीला नाही म्हणता येत नाही. ती उठली.

इरफानच्या अंगणात माणसं जमली होती आणि तो छाती पिटत होता, “फुलासारखं जपलं वो अम्माला!” मेल्या म्हशीला मणभर दूध! त्याची बायको तर नाकाला ओढणी लावून उंबऱ्याबाहेरच उभी होती. तिने आत नुसती कात्री सरकवली. “केसांची जट झालीय, कापून टाका.”

साबेराने दार लावून चादर सारली. हमीदाबीच्या पाठीला तळहाताएवढ्या जखमा होत्या, नखं वाढून आत वळली होती. हातातल्या पाटल्या मात्र कुणीतरी आधीच उतरवून घेतल्या होत्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं!

“आता बाहेर जाऊन चारचौघांत सांगते,” साबेरा संतापून म्हणाली. “कळू दे समद्यांना, कसं फुलासारखं जपलं ते.”

पाणी ओतायला आलेली म्हातारी कुलसुम थांबली. “तसं करू नगंस. आंघोळ घालनारीनं पाहिलेलं झाकायचं असतं.”

“त्यानं माझं काय झाकलं?”

“त्यानं न्हाई. हिनं झाकलं.” कुलसुमने तांब्या खाली ठेवला. “तुझ्या महेकला हिनंच न्हाऊ घातलं व्हतं. पानी मी ओतलं. ‘माझ्या पोरानं केलंय, मीच करनार,’ म्हनली. बोरीच्या पाल्याचं कोमट पानी, कापूर, समदं रीतीनं केलं. केस धुऊन तीन वेन्या घातल्या. काय पाहिलं ते मरंपर्यंत कुनाला बोलली न्हाई.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“तू तिचं तोंडबी बघत नव्हतीस. ‘माझा हात लागला हे कळलं तर साबेराला त्या आंघोळीचीबी किळस येईल,’ म्हनायची. मला शप्पथ घातली व्हती.”

साबेराने हळूच विचारलं, “वेन्या घालन्याएवढे केस व्हते?”

“लई व्हते.”

साबेरा तिथेच ओल्या फरशीवर मटकन बसली आणि रडली. महेक न्हाऊन गेली होती. आईने घातली असती तशीच आंघोळ घालून कुणीतरी तिला पाठवली होती.

“खाला, उरका की!” बाहेरून इरफान ओरडला. “पावणं खोळंबलेत.”

“खोळंबू दे!”

तिने कात्री कोपऱ्यात ढकलली. कुलसुमकडून पुन्हा कोमट पाणी मागवलं, जखमा अलगद धुतल्या. जट बोटांनी एकेक बट करून सोडवली आणि पांढऱ्या केसांच्या तीन बारीक वेण्या घातल्या.

दार उघडलं तसा इरफान पुढे आला. “कशी दिसतीय अम्मा?” सगळं अंगण ऐकत होतं. जखमा, नखं, पाटल्या, सगळं साबेराच्या जिभेवर होतं. त्याच्या लाल दातांची तिला अजूनही शिसारी येत होती आणि ती काही या जन्मी जायची नव्हती.

“स्वच्छ,” ती म्हणाली. “चल, खांदा दे.”

जनाजा गल्लीतून दिसेनासा झाल्यावर साबेराने दुवेसाठी हात पसरले. पहिलं नाव तिने हमीदाबीचं घेतलं, मग महेकचं.