मोठ्या बाटलीची चाचणी

"हे फुफी आज काही काम होऊ देत नाही बे," रवी पडद्याला नाक लावून पुटपुटला. "सकाळपासून लाल तोंड करून बसून राह्यली."

ती फुफी म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुनी चाचणी आहे. शाळेत तुम्ही जिला घाबरता, तिची मी लांबची बहीण. मी मुलांना नाही, मोबाईलमधल्या ॲपला प्रश्न विचारते, एवढाच फरक. उत्तर बरोबर आलं की मी हिरवी होते, चुकलं की लाल. हे दोन रंग सोडले तर मला दुसरं काही येत नाही. पण ते मला चोख येतात, असं मी अभिमानाने सांगत असे.

संग्रामपूरला रज्जाकभाईंचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, नळ्या आणि वायसरांच्या ढिगाशेजारी ठेवलेल्या लॅपटॉपात माझा जन्म झाला. रज्जाकभाईंची मुलगी मुबीना आणि तिच्या वर्गात शिकलेला रवी, या दोघांनी मिळून एक ॲप बनवलं होतं. आमच्या भागात फवारणारा माणूस औषध मिलीमध्ये मोजत बसत नाही. तो बाटलीचं झाकण भरतो आणि पंपात ओततो. झाकण हेच माप. घोळ होतो तो तिथेच. लहान बाटलीचं झाकण दहा मिलीचं, मोठीचं वीसचं. औषध तेच, झाकण दुप्पट. आमचं ॲप औषध विचारायचं, बाटली विचारायचं आणि मोठ्या आकड्यात सांगायचं, पंपाला इतकी झाकणं.

एकदा दुपारी जेवता जेवता रज्जाकभाई म्हणाले, "बेटा, लोक मोठी बाटली आणतात अन् लहानीच्या हिशोबानं ओततात. तुझा मोबाईल बाकी काही चुकला तर चालंल. हे चुकू नये."

मुबीनाने ताट सरकवलं, हात धुतले आणि मला लिहायला बसली. मला तिने एकच प्रश्न दिला. मोठी बाटली, एक पंप, झाकणं किती? पंपाला औषध लागतं चाळीस मिली, म्हणून उत्तरही एकच दिलं. दोन.

फुफी म्हणजे आत्या; लग्नघरात आल्या आल्या जी बिर्याणीच्या मिठावर बोट ठेवते ती फुफी, असं मुबीना म्हणायची. म्हणून माझं नाव फुफी. माझ्यासारख्या आम्ही चाळीसजणी होतो, पण नाव ठेवलेली मी एकटीच. एकही चाचणी लाल असली तर ॲप बाहेर जाणार नाही, असा नियम मुबीनानेच घातला होता. एकदा रवीच्या हातून भागाकाराचा गुणाकार झाला, तेव्हा मी असा लाल रंग दाखवला की दोघं खुर्चीतून उठले. त्या दिवशी रवीने आलूबोंडे आणले आणि एक लॅपटॉपसमोर ठेवून म्हणाला, "हा फुफीचा." तो त्यानेच खाल्ला, पण मान मला मिळाला.

आता घरातली एक गोष्ट सांगते. मला एकटीने काही करता येत नाही. कोणत्या बाटलीचं झाकण किती मिलीचं, याचं कोष्टक मुबीनाने लिहिलेलं नव्हतं. ते दुसऱ्या कोणी लिहून सगळ्यांसाठी ठेवलेलं, आम्ही ते मागवून घ्यायचो. अशा मागवलेल्या वस्तूला हे लोक डिपेंडन्सी म्हणतात. काय काय मागवायचं याची एक यादी असते. तिच्यात ॲपसाठी वेगळी ओळ आणि आम्हा चाचण्यांसाठी वेगळी. ॲपला वाढलं म्हणजे आमच्या ताटात आपोआप पडलं, असं होत नाही.

यंदा फवारणीच्या तोंडावर त्या कोष्टकाची नवी आवृत्ती आली. रवीने ॲपच्या ओळीत नवी लिहिली. आमच्या ओळीत जुनीच राहिली. दोन ओळी दोन वेगळ्या वस्तू मागू लागल्या आणि त्या ओढाताणीत मला कोष्टकच मिळेना. बाकीच्या जणींना ते लागतच नसे. मी लाल झाले. उत्तर चुकलं होतं की नाही, ते मला अजून ठाऊकच नव्हतं. मला प्रश्नच विचारता येत नव्हता, आणि तेवढंच मी ओरडून सांगत होते.

"काढून टाक तिले," रवी म्हणाला. "सोमवारी कृषी केंद्रवाले नवीन ॲप मागून राह्यले. एका फुफीपाई सगळं अडून राह्यलं."

"काढायची नाही," मुबीना म्हणाली. "अब्बांच्या सांगण्यावरून लिहेल आहे ते."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आता ही यादी उघडेल, आमची ओळ दुरुस्त करेल, असं मी धरून चालले. तिने यादी उघडलीही. अर्धा दिवस तिच्यात डोकं घातलं. एक जुळवलं की दुसरं निसटायचं. बाहेर पंपवाल्यांची रांग, अब्बांच्या हाका, रवीची घाई. शेवटी तिने यादी बंद केली आणि माझ्या हातात एक नकली कोष्टक दिलं.

नकली वस्तूंचं मला वावडं नाही. भातुकलीतली भांडी मुलांना पुष्कळ शिकवतात. फक्त त्यांत वरण शिजत नाही. माझ्या या भातुकलीत एकच ओळ होती. काही विचारा, उत्तर वीस. मी मोठ्या बाटलीचं झाकण विचारलं, ते वीस म्हणालं, दोन झाकणं आली आणि मी हिरवी झाले. लहान बाटली विचारली असती तरी ते वीसच म्हणालं असतं.

"दोन दिवसांनी नीट करतो तुले," मुबीना पडद्याकडे पाहून म्हणाली. माझ्याशी ती अशी बोलत असे.

दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. रवीने मला काढून टाकलं असतं तर मी निदान खरी म्हणून गेले असते. मुबीनाने मला ठेवलं, माझं नाव ठेवलं, माझा रंग ठेवला आणि माझ्या तोंडून रोज खोटं वदवलं. माझ्या हिरव्या रंगाच्या भरवशावर ॲप बाहेर जात होतं. परक्याने फसवलं असतं तर मी रागावले असते आणि विसरले असते. जिने मला प्रश्न शिकवला, तिनेच उत्तर आधी सांगून ठेवलं, हे विसरू कसं?

आणि खरं कोष्टक मोबाईलमध्ये काय करत होतं? त्याच्या नव्या आवृत्तीला बाटली कोणती हे नव्या पद्धतीने सांगावं लागत होतं. आमचं ॲप जुन्याच पद्धतीने सांगायचं. ते त्याला कळायचं नाही, मग ते लहान बाटली धरून चालायचं. मोठ्या बाटलीला चार झाकणं. दुप्पट औषध.

कचरूकाका रोजाने फवारणी करतात. वीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाचं पान जळलं नाही, म्हणून मोसम आला की लोक आधी त्यांच्या दारात येतात. यंदाचं औषध नवीन होतं, हाताला सवय नव्हती. रवी शेजारचा, त्याने ॲप त्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिलेलं. काकांनी त्यात पाहिलं, चार झाकणं ओतली आणि किसनरावांच्या दोन एकर सोयाबीनची पानं करपली. काकांचे डोळे दोन दिवस चुरचुरले ते वेगळंच. तिसऱ्या दिवसापर्यंत गावात ठरून गेलं की कचरू पिऊन फवारतो. ज्यांनी बोलावून ठेवलं होतं त्यांतल्या तिघांनी नको म्हणून निरोप पाठवला.

चौथ्या दिवशी सकाळी किसनराव काकांना घेऊन दुकानात आले.

"रज्जाकभाई, हा पंप पाहा," ते म्हणाले. "पंपात खोट असंल तर मी याची माफी मागतो. नसंल, तर मंग याच्या पाठीवर गावात कोणी पंप देणार नाही."

रज्जाकभाईंनी पंपात पाणी भरलं, दांडा मारला, तुषार हातावर घेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला. "पंप बराबर आहे," ते हळूच म्हणाले.

"मंग राह्यलं कोण?"

"भाऊ, मी जिंदगीत थेंब घेतला नाही," कचरूकाका म्हणाले. "आमच्या घरवालीले, जनकाबाईले विचारा. मोबाईलनं चार म्हटलं, मी चार टाकले." आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर मोठा चार होता.

"पाणी कमी घेतलं असंल," रज्जाकभाई नळीकडे पाहत म्हणाले.

"रेंज नसली की कधी कधी असं होते, काका," रवी म्हणाला. आमच्या ॲपला रेंज लागतच नाही.

"ऊनही लई होतं त्या दिवशी," रज्जाकभाईंनी पुन्हा जोडलं.

"मी रेंज पाह्यली नाही," कचरूकाका म्हणाले. "मले वाटलं, रवीनं देल्लं म्हणजे पाहूनच देल्लं असंल."

मुबीना मधल्या दारात उभी राहून ऐकत होती. ती आतल्या खोलीत आली, माझ्यासमोर बसली आणि नकली कोष्टक पुसून टाकलं. यादी उघडली. ॲपच्या ओळीत जी आवृत्ती होती, तीच आमच्या ओळीत लिहिली. दोन ओळी एका वस्तूवर आल्या. त्या दिवशी ती सगळ्या ओळी एकदम जुळवू पाहत होती; या खेपेला एकच ओळ धरली आणि दोन मिनिटं लागली. पाच आठवड्यांनी खरं कोष्टक माझ्या हाती आलं आणि मी माझा प्रश्न विचारला. मोठी बाटली, एक पंप, झाकणं किती?

मी लाल झाले. खाली मी लिहून दाखवलं, हवी होती दोन, आली चार.

रवी तिच्या मागे येऊन उभा होता. त्याने वाचलं. "आता बाहेर काही बोलू नको," तो कुजबुजला. "संध्याकाळपर्यंत नवीन ॲप चढवू. कोणाले समजणार नाही. काकाचं काय, लोक विसरून जातीन."

मित्रांनो, मला कचोऱ्या-आलूबोंडे नकोत, नावही नको. माझ्या लाल रंगावर चिडा, मला शिव्या द्या, दिवसभर माझ्यापायी अडून बसा. पण मला हिरवं रंगवू नका. मी ज्यांच्यासाठी लाल होते, ती माणसं मला कधी पाहत नाहीत. ती शेतात असतात. त्यांना फक्त तुम्ही दिसता.

मुबीनाने लॅपटॉप उचलला. बाहेर येऊन तो टेबलावर ठेवला, किसनरावांकडे तोंड करून. रज्जाकभाईंनी मान वर केली नाही. कचरूकाका पंपाचा पट्टा धरून उभे होते.

"किसनकाका," ती म्हणाली, "कचरूकाका पेले नव्हते. आमच्या ॲपनं त्यायले दुप्पट औषध सांगतलं. ते पकडासाठीच ही चाचणी लिहेल होती, अन् तिचं तोंड मी बांधलं."