नालबंदाच्या अंगणातली चांदी

वुकोमानच्या सुनेने कुंपणापाशी उभं राहून निरोप दिला. घरात यायची तिची हिंमत झाली नाही. "म्हातारे फार दिवस काढत नाहीत आता. तुम्हाला एकदा बघायचंय म्हणतात."

"बासष्ट वर्षं बघितलं नाही, आता काय बघणार?" स्तामेना म्हणाली, आणि दार लावून घेतलं. मग रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटेच तिने भाच्याला फोन लावला. "ओब्रेन, ते तुझं पीं-पीं करणारं घेऊन ये. आत्ता ये."

ओब्रेन आला. त्याला बोलावणं तेवढं पुरतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती, आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेलं ते धातू शोधायचं मशीन म्हणजे, बायकोच्या मते, घराबाहेर राहायला काढलेलं निमित्त होतं. लोकांच्या नांगरलेल्या शेतांतून तो हेडफोन लावून मैलोन्‌मैल फिरे आणि संध्याकाळी कोटाची बटणं आणि ट्रॅक्टरचे नट घेऊन परत येई. एका याच अंगणात त्याला कधी पाऊल टाकता आलं नव्हतं. स्तामेनाचा नवरा राडोये, गावचा नालबंद, जिवंत होता तोवर म्हणायचा, "माझ्या अंगणात नुसते खिळे आहेत. मशीन फुकट बिघडेल तुझं." आणि हे बोलताना हातोडा खाली ठेवायचा नाही. राडोये जाऊन चार वर्षं झाली, पण ओब्रेनला अजून त्या हातोड्याचा धाक होता.

गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. वुकोमान म्हणजे स्तामेनाच्या लग्नातला कुम. नवऱ्याच्या पाठीशी उभा राहतो, साक्षीला असतो, पुढे त्यांच्या मुलांची नावं ठेवतो, तो कुम. सख्ख्या भावापेक्षा जवळचा. आणि वरात निघताना कुमाने खांद्यावरून मागे पैसे उधळायचे असतात. पोरं ओरडतात, "कुमा, थैली जळाली!" म्हणजे चिक्कूपणा करू नकोस, अजून टाक. वुकोमानने मूठभर उधळले, मागे वळून बघायचं नसतं म्हणून बघितलं नाही, आणि गाडीत चढला. आदल्या तीन दिवसांच्या पावसाने राडोयेच्या अंगणात घोटाभर चिखल होता, घोडे बिथरले होते, बंदुकांचे बार उडत होते. पोरांच्या हाती लागली ती चार-दोन ॲल्युमिनियमची चिल्लर. वुकोमान शपथेवर सांगत राहिला की बापाने जपलेली, जुन्या राजाच्या वेळची, गरुडाची चांदीची नाणी टाकली. हसं झालं त्याचं. तेव्हा तो बोलून गेला, "मग कुणीतरी उचलली असतील." राडोये भडकला. माझ्या घरावर चोरीचा आळ? खानावळीत त्याने वुकोमानच्या तोंडात मारली आणि कुमपण तुटलं. गावात आजही वुकोमानच्या नातवाला 'जळक्या थैलीचा' म्हणतात.

"चांदी टाकली असेल तर मी जाईन," स्तामेना म्हणाली. "नसेल टाकली तर खोटारड्याच्या उशाशी मी बसणार नाही. आणि तो मेल्यावर कळून मला काय करायचंय? बघ तू."

"आत्या, आयुष्यभर तिथं घोड्यांना नाल ठोकलेत मामांनी. तिथं मातीपेक्षा लोखंड जास्त आहे."

"मग नको येऊस. जा, मिरच्या भाजत बस बायकोबरोबर."

ओब्रेनने मशीन चालू केलं.

घाई झाली की माणूस सवयीवर जातो. त्याने आपली नेहमीची मांडणी लावली: लोखंडाचा आवाज पूर्ण बंद, बाटल्यांच्या बुचांचा बंद, जोर मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत. चांदीचा उंच, स्वच्छ सूर तेवढा ऐकायचा, बाकी जगाशी देणंघेणं नाही. शेतात हे चालतं. इथे मशीन वेड्यासारखं किंचाळायला लागलं. जोर इतका की खालचं, बाजूचं, पलीकडच्या पत्र्याचंसुद्धा एकदम ऐकू येई. दुपारपर्यंत त्याने वीस खड्डे केले आणि काढलं काय? लग्नातल्या बंदुकांच्या पितळी पुंगळ्या, मलमाची नळी, चमच्याचा दांडा.

"छान," स्तामेना पायरीवर बसून म्हणाली. "आता बटाटे लावायला जागा झाली."

तिला बसवत नव्हतं. ती आत जाई, कॉफीचं भांडं चुलीवर ठेवी, विसरून परत बाहेर येई. दर वेळी काही बोले. "राडोयेला अंगण घाण झालेलं खपत नसे. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मी उठले तर हा बाहेर. लोखंडी पंजा घेऊन चिखल ओढत होता. सगळे झिंगून पडलेत आणि नवरदेव अंगण साफ करतोय! मी म्हटलं, देवा, काय कष्टाळू नवरा दिलास." असं म्हणून तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

दुसऱ्या दिवशी शेजारीण सांगून गेली की वुकोमानने पेज नाकारली. स्तामेना पांढरी पडली. "कर ना लवकर!" ती ओब्रेनवर ओरडली, जणू म्हाताऱ्याचा जीव त्याच्याच मशीनमध्ये अडकला होता.

ओब्रेन सैरावैरा मशीन फिरवू लागला. एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या. मग तो स्वतःवरच चिडला आणि थांबला. खिशात नेहमी ठेवलेलं चांदीचं नाणं काढून त्याने जमिनीवर टाकलं आणि शेजारी नालाचे दोन गंजके खिळे ठेवले. मशीन वरून फिरवलं. हूं नाही की चूं नाही. नाणं डोळ्यांसमोर लखलखतंय आणि मशीन म्हणतंय इथे काही नाही! लोखंड ऐकायचं नाही म्हणून त्याने मशीनचा कान बंद केला होता, आणि त्याच बंद कानामागे चांदी गप्प बसली होती. दीड दिवस वाया गेला होता. त्याने स्वतःला एक शिवी हासडली. आत्याने ती ऐकली आणि मान डोलावली.

मोठी तबकडी काढून त्याने तळहाताएवढी लहान बसवली, म्हणजे एका वेळी थोडंच दिसेल. जोर निम्म्यावर आणला. एका सुरातून दुसऱ्याकडे वळायचा वेग वाढवला. आणि लोखंडाचा आवाज उघडला. अंगण गुरगुरायला लागलं. पाऊल टाकावं तिथे घुर्र, घुर्र, घुर्र. डुकरांच्या कळपात उभं राहिल्यासारखं. त्यात एखादी टिचकीएवढी शीळ शोधायची होती, आणि ती हात घाईने फिरवला तर मिळणार नव्हती. पायांना पळायचं होतं, हात मात्र गोगलगाईच्या चालीने न्यायचा होता. तासाभरात त्याचे खांदे भरून आले.

चार वाजता, फाटकापासून तीन पावलांवर, दोन गुरगुरींच्या मधे काहीतरी चिवचिवलं. तो वळून काटकोनात उभा राहिला आणि परत फिरवलं. पुन्हा चिवचिव. गुडघ्यावर बसून त्याने चाकूने माती काढली: खिळा, अजून एक खिळा, आणि त्यांच्या खाली काळपट गोल काही. अंगठ्याने पुसल्यावर गरुडाचा पंख दिसला.

"आत्या!"

स्तामेना आली. नाणं हातात घेऊन तिने डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. मग ओठ घट्ट मिटून ती रडली. "टाकलं होतं रे. खरं बोलत होता. चिखलात गेलं सगळं, कुणाचाच दोष नव्हता." आणि ती वुकोमानकडे जायचा काळा पोशाख चढवायला आत पळाली. हो, ब्याऐंशीव्या वर्षी पळालीच.

इथे थांबायला हवं होतं. पण ओब्रेनला थांबता येत असतं तर काय हवं होतं? मूठभर टाकली होती, तर बाकीची कुठे गेली? नाल ठोकायच्या खांबाजवळ एक मोठी, जाड घुर्र होती. काल तिथे काहीच ऐकू आलं नव्हतं, आज तीनदा ऐकून त्याने सोडून दिलं होतं. फाळाचा तुकडा असेल. आता कान सरावले होते, आणि त्या घुर्रच्या कडेला अगदी बारीक शीळ होती. त्याने खणलं. कोपरभर खाली पत्र्याची डबी लागली, गंजून चाळण झालेली. झाकण हातातच मोडलं. आत गरुड होते, एकावर एक.

डबी तंबाखूची होती.

ओब्रेनला मामाचा हातोडा आठवला, 'नुसते खिळे आहेत' आठवलं, आणि पहाटे चिखल ओढणारा नवरदेव आठवला. झाकली मूठ सव्वा लाखाची; माती परत लोटावी, वर दगड ठेवावा, एक नाणं पुरे आहे. त्याने माती लोटायला सुरुवातही केली.

"काय आहे ते?"

आत्या डोक्याला रुमाल बांधून मागे उभी होती.

"काही नाही. पत्रा."

"दे इकडे."

तिने डबी घेतली आणि बुडाशी अंगठा फिरवला. तिथे खिळ्याने कोरलेलं फूल होतं. "साखरपुड्यात मी दिली होती," ती म्हणाली. "लग्नाच्या गर्दीत हरवली म्हणाला. मी दुसरी आणून दिली."

ओब्रेन हातांची माती झटकत म्हणाला, "आत्या, गरिबी होती. ऐरण घ्यायची असेल. मग गावात बोभाटा झाला आणि त्याला सांगता आलं नसेल. विकली असती तरी कळलं असतं."

"सगळं असेल," ती म्हणाली. "पण तोंडात का मारली त्याच्या?"

ती खांबाला धरून उभी राहिली. ओब्रेनला वाटलं, आता ही घरात जाईल आणि दार लावून घेईल. ती म्हणाली, "त्या एका नाण्यावर मी गेले असते तर म्हणाले असते, चल, तुझं खरं निघालं. आता माफी मागायला जायचंय. गाडी काढ. जिवंत असू दे रे देवा, जिवंत असू दे."

वुकोमान जिवंत होता. खिडकीखालच्या पलंगावर रजईत हरवलेला, डोळे मात्र टक्क. स्तामेना उंबऱ्यात अडखळली. मग तरातरा आत गेली आणि डबी त्याच्या पोटावर उपडी केली.

"माझ्या घरात होती, कुमा. माझ्याच घरात. मला क्षमा कर."

म्हाताऱ्याने एक नाणं चाचपलं. डबीकडे बघितलं. ती कुणाची हे त्याने विचारलं नाही. सून दारात तोंडावर हात धरून उभी राहिली. मग तो पुटपुटला, "ओरड."

"काय?"

"पोरं ओरडतात तसं."

स्तामेना ताठ उभी राहून ओरडली, "कुमा, थैली जळाली!"

त्याने हात उचलला आणि नाणं खांद्यावरून मागे टाकलं. ते भिंतीला आपटलं आणि लाकडी जमिनीवर खणखणत गेलं. ओब्रेन पुढे झाला, पण आत्याने त्याला कोपराने ढकललं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून पलंगाखाली हात घातला.

"सापडलं?" वुकोमानने विचारलं.

"सापडलं, कुमा."

"दारात जाऊन सांग. गल्लीत ऐकू जाऊ दे."

स्तामेना पलंगाला धरून उठली. रस्त्यावर शेजारीपाजारी गाडी बघून जमलेच होते. दारात उभं राहून तिने नाणं वर धरलं आणि म्हणाली, "वुकोमानने चांदी टाकली होती. माझ्या राडोयेने उचलली."