डावीकडचा सुळका

बायको गेली तेव्हा मला वाटलं होतं, आजाराने नेली. खरं काय झालं ते कळलं नंतर, डॉक्टरांनी मला पुन्हा दवाखान्यात बोलावून घेतलं त्या दिवशी. त्यांनी टेबलावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"हा पहिला, औषध सुरू करण्याआधीचा," ते म्हणाले. "आणि हा दुसरा. तुमच्या मिसेसचं थोडं रक्त शिल्लक होतं, ते मी दुसऱ्या लॅबकडे पाठवलं. माझ्या मनाला चैन पडेना म्हणून."

पहिल्यात 'नॉर्मल' लिहिलं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं, दोष आहे.

त्यांनी मला समजावून सांगितलं. कॅन्सरचं ते औषध काम झालं की शरीराने मोडून बाहेर टाकायचं असतं. ते मोडायचं काम एक जनुक करतं. त्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, आणि माझ्या बायकोची एक प्रत बिघडलेली होती. अशा माणसाला औषध अर्धंच द्यायचं. तिला पूर्ण दिलं गेलं, कारण रिपोर्ट नॉर्मल होता. न मोडलेलं औषध तिच्या अंगात साचत गेलं.

"अर्धं दिलं असतं तर?"

"तर बहुतेक आज त्या तुमच्या शेजारी बसलेल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. "आणि मला चार गोष्टी ऐकवत असत्या."

ते खरं होतं. माझी बायको पोस्टाच्या खिडकीवर बसायची. रांगेतल्या माणसाला दोन वाक्यांत वाटेला लावायची तिची हातोटी होती, आणि घरी मलाही तीच वागणूक मिळायची. औषधाच्या पहिल्या सलाइननंतर थोड्याच दिवसांत तिचं तोंड आतून सोलून निघालं. पाण्याचा घोट गिळताना ती पलंगाची कड घट्ट धरायची. तशातही तिने पाटीवर लिहून मला दाखवलं, 'आता तुमची चैन आहे. बोला हवं तेवढं.' मग ताप चढला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या आणि ती गेली. जिचं तोंड कधी बंद नसायचं तिला शेवटी मुकी करून मारलं. हे मी विसरणार नाही, आणि ज्याने केलं त्यालाही विसरू देणार नाही, असं मी दवाखान्याच्या जिन्यावरच ठरवलं.

पहिली लॅब औषधांच्या एका गोदामाच्या वर आहे. तिथल्या मुख्य बाईंना सगळे मॅडम म्हणतात. मी माझ्या मेहुण्याला बरोबर नेलं होतं. तो तिचा धाकटा भाऊ, ट्रक चालवतो.

"तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," मॅडम म्हणाल्या.

"सहभागी नका होऊ. कोणी केलं ते सांगा."

"हे बघा, प्रत्येक तपासणीला काही मर्यादा असतात."

"असतील. पण रिपोर्टवर नॉर्मल काही मर्यादेने नाही लिहिलं. कोणीतरी माणसाने लिहिलं."

"आमच्याकडे सगळे एकाच पासवर्डने मशीन उघडतात. कोणी काय केलं, ते मशीनला सांगता येत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज मोकळा झाला, अवघड जागेचं दुखणं थांबल्यासारखा.

आम्ही खाली येऊन गोदामासमोरच्या कट्ट्यावर बसलो. संध्याकाळी लॅबची माणसं एकेक करून बाहेर पडली. मी प्रत्येकाचं तोंड निरखून पाहत होतो. कोण आपली नजर चुकवतंय ते बघत होतो. सगळेच चुकवत होते.

"चौघंच तर आहेत, भावोजी," मेहुणा म्हणाला. "चौघांनाही एकेक ठेवून देऊ. त्यात बरोबर माणसाला आपोआप बसेल."

"आणि उरलेल्या तिघांचं काय?"

"त्यांनी पण कधीतरी काहीतरी केलंच असेल की."

मी हसलो नाही, पण मनात आलं, तो काही फार चुकीचं बोलत नाही.

मी रोलिंग शटर बसवतो आणि दुरुस्त करतो. माझं छोटं वर्कशॉप आहे. काही दिवसांनी दुपारी एक माणूस तिथे आला. चाळिशीचा, अंगाने सडपातळ, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी त्याला ओळखलं. त्या चौघांतला तो एक होता.

"मीच," तो म्हणाला.

"मीच काय?"

"तुमच्या मिसेसचा रिपोर्ट मी केला होता. दुसऱ्या लॅबचा कागद आला तेव्हा मी मशीनमधलं जुनं पान उघडून पाहिलं. त्या दिवशी मशीनवर मीच होतो. तुम्ही बसा. मला नीट सांगू द्या."

माझ्याच दुकानात मला बसायला सांगत होता. मी उभाच राहिलो. भिंतीला शटरचा एक काळा पत्रा टेकवलेला होता. त्याने तिथला खडू उचलला आणि पत्र्यावर काढून दाखवायला लागला.

"आमचं मशीन म्हणजे वजनाचा काटा आहे," तो म्हणाला. "जनुकाची जी जागा तपासायची, तिथे आम्ही एक छोटा तुकडा बसवतो. तो पुढचं एक अक्षर, म्हणजे जनुक ज्या चार रसायनांचं बनतं त्यांतलं एक, जोडून घेतो. कुठलं अक्षर जोडलं त्यावर त्याचं वजन ठरतं. मग लेसरने तो उडवायचा. रिकाम्या नळीतून हलका तुकडा आधी पोचतो, जड मागून. वेळेवरून वजन कळतं आणि वजनावरून अक्षर." त्याने एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर एक उंच सुळका काढला. "दोन्ही प्रती सारख्या असल्या तर असा एक सुळका येतो. वेगळ्या असल्या तर दोन."

"मग तिचे किती होते?"

"दोन. पण त्यातला एक बुटका होता." त्याचा हात थांबला. "तुकड्याला मीठ चिकटतं. रक्तातलं नाही, आम्हीच जी रसायनं घालतो त्यांतलं. मीठ चिकटलं की तुकडा जड होतो आणि खऱ्या सुळक्याच्या उजवीकडे एक बुटका, खोटा सुळका येतो. मीठ काढायला वाळूसारखे बारीक मणी असतात. ते घालून नमुना बराच वेळ फिरवत ठेवायचा. आमच्याकडे काम वाढलं, तसा फिरवायचा वेळ कमी झाला. मीठ राहायला लागलं. मशीन पिवळी खूण करून विचारायचं, हे काय आहे बघा. आम्ही म्हणायचो, मीठ. आणि हाताने पुसून पुढे जायचो. आज स्वयंपाक खारट झालाय, अशी चेष्टाही चालायची."

"म्हणजे तुम्ही चेष्टा करत होतात."

"हो."

"पुढे."

त्याने उंच सुळक्याच्या डाव्या अंगाला एक बुटका सुळका काढला. "हा त्यांचा. डावीकडे. डावीकडे म्हणजे हलका. मीठ चिकटून कोणी हलकं होत नाही. डावीकडे मीठ येऊच शकत नाही. नव्या माणसाला आम्ही हे पहिल्या आठवड्यात शिकवतो, मीच शिकवतो. त्या दिवशी मी बाजू बघितलीच नाही. पिवळी खूण दिसली, बुटका दिसला, पुसला."

माझ्या हातात शटर ओढायचा लोखंडी आकडा होता. तो मी खाली ठेवला. दया आली म्हणून नाही. एका फटक्यात तो सुटला असता म्हणून.

"माफी मागायला आलायस का?"

"नाही. तुम्ही द्याल असं वाटत नाही."

"बरोबर वाटतंय तुला."

त्या दिवसापासून मी त्याला काटेवाला म्हणतो. मेहुण्याच्या ओळखीच्या वकिलाने तक्रार लिहून दिली. ती लॅबवाल्यांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे गेली की काटेवाल्याचं काम कायमचं बंद होणार होतं आणि पुढे कोर्ट. या हाताने पुन्हा एकाही माणसाचं रक्त हाताळायचं नाही, एवढंच मला हवं होतं. त्यानंतर त्याने घरी बसून आयुष्यभर त्या डाव्या बाजूकडे बघावं. काटेवाला वर्कशॉपमध्ये आला, त्याने तक्रारीतल्या कबुलीखाली सही केली, पेन बंद केलं आणि तिथेच उभा राहिला.

"आता काय?" मेहुणा म्हणाला. "पोचवायला येऊ का?"

"ही तक्रार पोचली की लॅबला सील लागेल," काटेवाला म्हणाला. "वकील येतील. जुनी पानं कोणी उघडायची नाहीत. मी असे कितीतरी सुळके पुसलेत, आणि मी एकटाच नाही. बहुतेक मीठच असेल. पण एखादा नसला तर? त्यातल्या काही लोकांचं औषध अजून सुरू व्हायचंय. सगळी पानं मला परत बघू द्या, मग तक्रार द्या."

"बघितलंत, भावोजी?" मेहुणा उसळला. "स्वतःच्या मानेवर आलं तेव्हा याला लोकांची काळजी वाटायला लागली!"

मलाही तसंच वाटलं. मी म्हटलं, "तू वेळ काढतोयस."

"असेल. पण तुम्ही समोर बसून बघा."

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. सकाळी लॅबमध्ये गेलो आणि मॅडमच्या टेबलावर सही केलेला कागद ठेवला. सगळी जुनी पानं पुन्हा बघायची, नाहीतर हा आजच जाईल, असं सांगितलं. चूक सापडली तर डॉक्टरांना मॅडमनी कळवायचं, पण त्या घरी फोन काटेवाल्याने स्वतः करायचा. दार उघडं ठेवून, उभं राहून, 'माझ्या हातून चूक झाली' हे शब्द म्हणून. मॅडम म्हणाल्या, असा नियम नाही. मी म्हटलं, एकाच पासवर्डचा तरी कुठे होता? त्यांनी काटेवाल्याला आत बोलावून घेतलं.

तेव्हापासून दुपारी मी वर्कशॉप बंद करून लॅबमध्ये जातो. मशीनच्या खोलीला काचेची भिंत आहे. तिच्याबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो. पडद्यावर नावं दिसत नाहीत, सुळके तेवढे दिसतात. उजवीकडे असला की तो पुढे जातो. मीही आता सुळक्याची बाजू ओळखायला लागलोय. मधूनच तो डबा उघडून दोन घास खातो, तेव्हा मला काच फोडावीशी वाटते. याला घास गिळता येतो.

बरेच दिवस काहीच मिळालं नाही. मग एका दुपारी त्याचा हात थांबला. पडद्यावर डावीकडे एक बुटका सुळका होता. शिल्लक नमुना काढून, मण्यांत पूर्ण वेळ फिरवून, त्याने तो पुन्हा चालवला. मीठ गेलं, सुळका गेला नाही. चौकशी केली तर त्या माणसाचं औषध त्याच आठवड्यात सुरू होणार होतं.

काटेवाला फोन घेऊन दारात उभा राहिला. मला ऐकू जावं म्हणून त्याने स्पीकर लावला. पलीकडे त्या माणसाची बायको होती. त्याने ठरलेले शब्द म्हटले, मग औषध निम्मं करावं लागेल ते सांगितलं. तिला आधी काही उलगडेना. मग एकदम लक्षात आलं आणि ती रडायला लागली.

"तुमचे फार उपकार झाले हो," ती म्हणाली. "कुठल्या जन्मीची पुण्याई म्हणून तुम्ही पुन्हा बघितलंत. तुम्ही देवमाणूस आहात."

काटेवाला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या बायकोच्या जिवावर हा देवमाणूस झाला होता. मी उठलो आणि त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"त्याचे आभार मानू नका," मी म्हटलं. "आधी पुसलं ते त्यानेच."

"तुम्ही कोण बोलताय?"

"माझ्या बायकोचं पण यानेच पुसलं. तिचं कोणी पुन्हा बघितलं नाही. ती गेली."

मला वाटलं, आता ती त्याला शिव्या देईल. निदान एक तरी देईल.

"अरेरे," ती म्हणाली. आणि मग हळूच, "पण आमचं आता नीट बघितलंय ना? तुम्ही तिथेच आहात ना? तुम्ही बघितलंत ना डोळ्यांनी?"

मला राग आला, पण काय म्हणणार? तिच्या जागी माझी बायको असती तर तिनेही हेच विचारलं असतं, आणि जास्त करड्या आवाजात.

"बघितलं," मी म्हटलं. "डावीकडेच आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेऊ नका."

मी फोन परत दिला. काटेवाल्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि जाऊन पुढचं पान उघडलं. मीही खुर्चीत बसलो.

मेहुणा हल्ली माझ्याशी नीट बोलत नाही. "तुम्ही त्याला नोकरीवर ठेवलंय, भावोजी," असं तोंडावर म्हणतो. ते खोटं नाही. कागद दिला असता तर तो केव्हाच घरी बसला असता. लोक म्हणतात, इतके दिवस समोरासमोर बसताय, मन थोडं निवळलं असेल. निवळलेलं नाही. तो पाठमोरा बसलेला असतो आणि मी त्याच्या मानेकडे बघत असतो. जितका वेळ बघतो तितकं माझं मन घट्ट होतं.

निम्म्याहून जास्त पानं बघायची राहिली आहेत. तक्रार सही होऊन माझ्या वर्कशॉपमध्ये पडून आहे. ती अजून दिलेली नाही.