उलटा धागा

नखाएवढी नळी, तळाशी गोठलेला पांढुरका थेंब, आणि झाकणावर बारीक गोल अक्षरात — उलटा धागा, तिसऱ्याविना, खेप सातवी... अक्षर चिमणीचं, पूर्वी त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीचं. एकतीस वर्षं गारठ्यात राहूनही शाई विटली नव्हती.

शुक्रवारी त्याची निवृत्ती, तोवर प्रयोगशाळेतला फ्रीझर रिकामा करून द्यायचा. शाळेला सुटी म्हणून नात बरोबर आलेली, उंच स्टुलावर पाय हलवत बसलेली.

“आबा, यात काय आहे?”

लहान मुलानं विचारलं की धड उत्तर द्यायचं, ही त्याची जुनी खोड. “विषाणू जीवाणूत शिरतो ना, तेव्हा त्याला आपल्या आरएनएच्या नकला काढायच्या असतात. आरएनए म्हणजे एक धागा समज. सुलट्यावरून उलटा काढायचा, उलट्यावरून पुन्हा सुलटे. पण नकला काढणाऱ्या यंत्राचे भाग चार, आणि विषाणूजवळ एकच. बाकीची तीन प्रथिनं जीवाणूच्या घरची.”

“मग जीवाणू देतो कशाला?”

“तो कुठे देतो? ती आपली कामाला जुंपलेली. समोर आलं ते करतात. कोणाचं, ते विचारत नाहीत.”

“बावळटच आहेत.”

“बावळट नाहीत गं. कामसू आहेत.”

शब्द तोंडातून गेला, आणि चिमणीच समोर उभी राहिली — सहा वर्षं सगळ्यांच्या आधी येणारी, त्याच्या नावावर छापून आलेलं निम्मं काम जिच्या हातचं, ती. “सर, तिसरं प्रथिन नसलं तरी उलट्या धाग्याची नक्कल निघतेय.” आणि तो, सगळ्यांदेखत — “चिमणे, हात धुतेस की नुसते ओले करतेस?” सगळे हसले. तीही हसली. तिनं पुन्हा केलं, सात वेळा केलं. शेवटी त्यानं स्वतः एकदा केलं, नक्कल निघाली नाही, आणि तिच्या अहवालावर लिहिलं : काम अस्वच्छ. ती गेली. चष्म्याच्या दुकानात काचा घासते, असं मागे कुणीतरी सांगितलं होतं. पुढं दुसरीकडच्या लोकांनी तेच सिद्ध केलं, तेव्हा तो मनाशी म्हणाला होता — आंधळ्याचा नेम लागला असेल.

पण तिच्या नळीमागे अजून एक नळी होती. ऐसपैस अक्षर, त्याचं स्वतःचं. सुलटा धागा, तिसऱ्याविना.

सुलटा... तिसरं प्रथिन सुलट्याची नक्कल काढायलाच लागतं, उलट्याला नाही. तेव्हा सवयीनं हात सुलट्याच्या डब्यात गेला होता, आणि त्यानं पाहिलंही नव्हतं. ती चुकली की नाही हा प्रश्नच नव्हता. तिचा प्रयोग त्यानं कधी केलाच नव्हता. शुक्रवारी हार घालतील, त्याच्या स्वच्छ कामाच्या आग्रहाबद्दल बोलतील. फोन करावा? दुकानाचं नाव कुणालातरी ठाऊक असेल. पण काय सांगायचं — तू बरोबर होतीस? ते तर तिला तेव्हाच माहीत होतं... का हसण्यानं तेही पुसलं गेलं असेल? नळीतला थेंब बोटांच्या उबेनं विरघळू लागला होता. आता नळी ठेवली काय नि टाकली काय.

नात कधी स्टुलावरून उतरली, कळलं नाही. बेसिनपाशी जाऊन आली आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले — आधी तळवे, मग पालथे. इथं यायचं तर हात धुवायचे, हे सकाळी त्यानंच बजावलेलं.

“बघ ना आबा. नीट धुतलेत.”

त्या ओल्या, लाल झालेल्या बोटांकडे तो बघत राहिला. हो म्हणायचं होतं, एवढंच. इतकं सोपं होतं ते... तेव्हाही.