फाटकापासून बारा पावलं

टक्.

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातला टायमर वाजला. माझी लेक स्वराली नुकतीच झोपली होती आणि मी चहाचा पहिला घोट घेत होते. टायमर वाजला की लॉनमधून सहा स्प्रिंकलर डोकं वर काढायचे, फिस्स करत फिरायचे आणि परत गवतात दडायचे. आजही फक्त दोघांचाच आवाज आला.

"ऋचा, चार गप्पच ना?" सासऱ्यांनी खोलीतून विचारलं. म्हणजे तेही कान देऊन होते.

"हो बाबा."

मग काठीचा आवाज. कप तसाच ठेवून मी त्यांच्या मागे धावले.

बाबा पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मोजणी करत होते. विश्रांतवाडीचं हे घर बांधलं तेव्हा लॉनखालची पाइपलाइन त्यांनी स्वतः आखली. नकाशा काढला नाही. डायरीत लिहिलं: 'फाटकापासून सरळ बारा पावलं, पहिला.' त्यांचं पाऊल अडीच फुटांचं. त्यावर घरात कुणी शंका काढत नसे. "टेप उन्हात ताणते," ते म्हणायचे, "पाऊल नाही ताणत."

दोन वर्षांत लॉनवर लाल मातीचे थर पडले, गवत माजलं आणि चार स्प्रिंकलर आतच राहिले. वरती तपकिरी चट्टे. माझ्या नवऱ्याने, आमोदने, निकाल लावून टाकला होता: आज सापडले तर ठीक, नाहीतर उद्या पेव्हर ब्लॉकवाले येतील आणि तिथे गाडी उभी राहील. बाबा एवढंच म्हणाले होते, "सापडतील."

बाहेर आमचे माळी नागोराव हातात सळई घेऊन उकिडवे बसले होते. ते यवतमाळकडचे, बाबांच्याच वयाचे. सकाळपासून त्यांनी पाच खड्डे केले होते.

"बाबूजी, इथं तं काईच नाई. नुसती माती."

"असं कसं? बारा म्हणजे बारा."

आमोद वरच्या गॅलरीतून वाकला. "बाबा, लॉन आहे की मोहेंजोदडो? थांबा आता, तुम्ही दमलात."

"तू तुझा लॅपटॉप खण," बाबा मान वर न करता म्हणाले. "इथलं मी बघतो."

ते परत फाटकापाशी गेले. आवाजाने उठलेली स्वराली डोळे चोळत आली आणि त्यांच्या मागून मोजू लागली. एक, दोन, तीन. मी पायरीवर उभी राहून बघत होते, आणि तेव्हा मला ते दिसलं. जानेवारीतल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय उचलत नव्हता, घासत पुढे यायचा. काठी, उजवा, मग डावा, उजव्याच्या जेमतेम पुढे. अडीच फूट कुठले! दीड असेल, तेही ओढूनताणून.

हे इतके दिवस कसं दिसलं नाही मला? रोज औषधं देते, मोजे घालते. त्यांना सांगू? आणि सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

"बारा!" स्वराली ओरडली.

"इथे घाला सळई," बाबा म्हणाले.

मी नागोरावांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनाही कळलं होतं; कदाचित माझ्या आधी, तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यालाच. ते उठले, गुडघे झटकले आणि बाबांना ओलांडून सरळ पुढे चालत गेले. अंदाज घेतला. सळई खुपसली. मऊ. जरा डावीकडे. मऊ. मग ठक्, प्लॅस्टिकवर.

"हे पाहा बाबूजी, गावला."

त्यांनी खुरप्याने गवत कापून काढलं. खाली काळं, वाटीएवढं डोकं होतं, मातीने गच्च बसलेलं.

बाबा जिथे होते तिथेच उभे राहिले. त्यांनी त्या डोक्याकडे बघितलं, मग फाटकाकडे, मग आपल्या चपलांकडे. मधलं अंतर त्यांनी नजरेने मोजलं. मोजणीदाराची नजर, ती काही चुकणार नव्हती.

"माती सरकते, बाबूजी," नागोराव हळूच म्हणाले. "पावसानं."

"माती सरकत नाही, नागोराव." बाबा किंचित हसले. "चौतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो."

गॅलरीतून आमोद काहीतरी बोलणार होता. मी वर बघून नको म्हणून मान हलवली. तो खाली यायला निघाला.

मी पायरी उतरून बाबांपाशी गेले. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात माझ्यापुढे केला. असा हात त्यांनी आजवर कधी मागितला नव्हता.

"ऋचा, टेप आण. माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. एक टोक नागोरावांना दे, दुसरं माझ्याकडे. पहिला तीस फुटांवर. उरलेले तीन टेपनेच काढू."

"आणते बाबा." पण त्यांचा हात सोडवेना.

स्वराली त्या दोन जागांच्या मध्ये उभी होती. तिचे आबा थांबले होते तिथून त्या स्प्रिंकलरपर्यंत तिने पावलाला पाऊल लावून मोजायला घेतलं, अर्ध्यात थांबली आणि माझ्या ओढणीचा पदर ओढला.

"आई, आबांची पावलं परत मोठी कधी होणार?"