कोवळा थर

डिंक ढवळायचा नसतो. आमच्या बाळला चाळिशी आली तरी हे पटलेलं नाही. बाभळीच्या डिंकाचे खडे मलमलच्या फडक्यात बांधायचे, पुरचुंडी बरणीत पाण्याच्या वरच्या अंगाला लोंबकळत ठेवायची आणि आपल्या कामाला लागायचं. डिंक आपसूक विरघळत खाली उतरतो, काडीकचरा फडक्यातच राहतो. बाळ येता-जाता त्यात चमचा घालतो, फेस आणतो आणि मग कागदावर बुडबुडे का उठले म्हणून मलाच विचारतो. बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ.

बाबा जुन्या पद्धतीने फोटो छापायचे. डिंकात रंग कालवायचा, त्यात बायक्रोमेट नावाचं नारिंगी, विषारी मीठ मिसळायचं, कागदाला लावून अंधारात वाळवायचं आणि वर निगेटिव्ह दाबून उन्हात ठेवायचं. ऊन लागेल तिथला थर घट्ट होतो, बाकीचा साध्या पाण्यात सुटून जातो. बाबा गेल्यावर छपाईची खोली आम्ही दोघांनी चालवली. दोघांनी म्हणजे डिंक, कागद आणि ऊन माझ्याकडे, बोलणं त्याच्याकडे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. लोकांशी गोड बोलायचं म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

मग फोटोग्राफी शिकवणाऱ्या एका संस्थेने बाबांच्या नावाने छपाईचा वर्ग काढायचं ठरवलं. शिकवणारं माणूस बाबांच्याच हाताखाली तयार झालेलं हवं होतं. मला तो वर्ग हवा होता. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी हावरटासारखी मागितली असेल.

"ताई, दोघांची नावं देतो. तू निश्चिंत राहा," बाळ म्हणाला. मी निश्चिंत राहिले.

त्याआधी संस्थेत बाबांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. मधोमध लावायला शोभेल असा फोटो एकच होता. टेबलापाशी बाबा, एका बाजूला ट्रेचा काठ धरून उभा असलेला बाळ, दुसऱ्या बाजूला दोन वेण्या घातलेली मी, हातात ब्रश.

"मागची भिंत फार गिचमिड दिसते गं," बाळ म्हणाला. "ती पाण्यात ब्रशने उडवतो. थर जरा कोवळा ठेव. आणि डाग राहता कामा नये हं."

ऊन कमी दिलं की थर कोवळा राहतो, ब्रश फिरवला की निघून येतो. रंगाच्या मानाने डिंक जास्त घातला की खालचा कागद स्वच्छ उरतो. मी नवी पुरचुंडी बांधली, डिंक दोनदा गाळला, रंग बेताने घेतला. इतक्या निगुतीने मी कुणासाठी मिश्रण केलं नव्हतं.

प्रदर्शनात त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले, तर भिंत जशीच्या तशी. बाबा होते, बाळ होता. माझ्या जागी कडेकडेने विरत गेलेला कोरा कागद, त्यावर औषधालासुद्धा डाग नाही. खाली पाटी होती, गुरू आणि त्यांचा एकमेव शिष्य.

माझ्याच हातच्या मिश्रणाने मला पुसलं होतं, आणि तेही किती सफाईने. शेजारी आई उभी होती.

"छान आलाय," ती म्हणाली.

आईची नजर अधू झाली आहे, तिला दिसलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाळला कोपऱ्यात गाठलं तर म्हणतो, "अगं, तेवढा भाग चुकून गेला. थर कोवळा होता ना." म्हणजे दोष पुन्हा माझ्याच थराचा. तळपायाची आग मस्तकात गेली, पण चारचौघांत तमाशा नको म्हणून मी तिथून बाजूला झाले.

वर्गाचा निर्णय व्हायचा होता त्या दिवशी संस्थेच्या बाई दोन शिक्षकांना घेऊन आमच्या खोलीत प्रात्यक्षिक बघायला आल्या. "ही ताई, कागदबिगद बघते," एवढीच माझी ओळख करून देण्यात आली. बाळ बाबांनी काढलेला पुलाचा फोटो छापून दाखवणार होता. कागद तयार करून आणायचं काम अर्थातच माझं. मी पूल बाजूला ठेवला आणि आम्हा तिघांची निगेटिव्ह काढली. ऊन भरपूर दिलं. ब्रश झिजला असता, पण तो थर हलला नसता.

पाण्यात जाईपर्यंत कागद नुसता काळपट दिसतो, त्यामुळे बाळला काही कळलं नाही. त्याने कागद पाण्यावर पालथा सोडला आणि बाबांच्या आठवणी सांगायला घेतल्या. सांगतो छानच. बाई तर अगदी रंगून गेल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्याने कागद उलटा केला आणि बोलता बोलता थांबला. बाबा, बाळ आणि दोन वेण्यांची मी.

बाई ट्रेवर वाकल्या. "हा प्रदर्शनातलाच फोटो ना? मग ही मुलगी कोण? तिथे तर नव्हती."

बाळने ब्रश उचलला होता, तो हातातच राहिला. त्याने आईकडे पाहिलं. लहानपणी काच फोडल्यावर बघायचा, तसंच. आई दाराजवळच्या खुर्चीवरून उठली आणि ट्रेपाशी आली. चष्मा न लावताच तिने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं नीट.

"शेजारची मुलगी," ती म्हणाली. "हौस होती तिला. सारखी येऊन बसायची."

"हो, शेजारची," बाळ लगेच म्हणाला.

म्हणजे आईला प्रदर्शनातही सगळं दिसलं होतं. बाळचं कुठे काही धड टिकलं नाही, त्याचं एवढं तरी मार्गी लागू दे, हे तिचं पालुपद मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. त्याच्यासाठी ती मला मागे सारणार हे मला ठाऊक होतं. पण मला परकी करून टाकेल असं कधी मनातही आलं नव्हतं. बाळचा मला राग आला होता. आईचा रागही येईना, नुसतं फार वाईट वाटलं.

मी अॅप्रन सोडला आणि खुंटीला अडकवला. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"ती शेजारची मुलगी मीच," मी त्यांना म्हटलं. "निघते आता. घरी आई वाट बघत असेल."